बुटांच्या खोक्यातून येणारी ऊब

तपासनीस सासऱ्यांच्या गाडीत शिरला आणि त्याच्या नाकाने तिथल्या तिथे राजीनामा दिला. पण राजीनामा मंजूर होण्यासारखी परिस्थिती नव्हती.

नाकही काही साधंसुधं नव्हतं. त्याच्यावर घर चालत होतं. पंधरा वर्षं तो अन्न तपासनीस होता. खानावळी, बेकऱ्या, वसतिगृहांची स्वयंपाकघरं, जिथे चूल पेटते तिथे तो न सांगता जायचा, दारात उभा राहून एकच श्वास घ्यायचा आणि निम्मा अहवाल तयार व्हायचा. बनियनमधून गाळलेलं सूप त्याने पाहिलं होतं. मैद्याच्या टबात पाय सोडून पेपर वाचणारा बेकरीवाला त्याने पाहिला होता, आणि त्या माणसाने त्याला "बसा ना साहेब" असं म्हणत टबात थोडी जागाही करून दिली होती. अशा वेळी तो तोंडातून अवाक्षर काढत नसे. खिशातून वही काढायचा आणि लिहायचा. 'शी' म्हणणं त्याने सुट्टीच्या दिवसांसाठी राखून ठेवलं होतं.

घोळ तिथेच झाला होता. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी त्याने सासऱ्यांच्या गाडीत डोकं घातलं, "शी!" म्हणाला, आणि डोकं बाहेर काढलं. सगळी भेट मिळून चार सेकंदांची. सासरे ती विसरले नव्हते.

सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी नळकाम केलं होतं. तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, त्यानंतर तेराव्या महिन्यात आप्पांनी घराला कुलूप लावलं, एक जुनी सामानाची गाडी आणली, आतून फळ्या मारल्या, पलंग ठोकला, शेगडी बसवली, नळ तर तीन बसवले, आणि कॅम्परव्हॅन तयार झाली असं जाहीर केलं. तेव्हापासून ते तळ्याकाठच्या, हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या मोकळ्या मैदानात राहत होते. लेक फोन करायची, "बाबा, थंडी वाढलीय, घरी या." आप्पा म्हणायचे, "माझ्याकडे हीटर आहे." यंदा त्यांना खोकला झाला होता, आणि फोनवर तो खोकला त्यांच्याआधी बोलायला लागला होता. तेव्हा लेकीने नवऱ्याला पाठवलं.

"बाबांना घेऊनच ये," ती म्हणाली होती. "एकटा आलास तर दार आतून बंद असेल."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तूच शी म्हणालास ना? तूच निस्तर."

आप्पा नाही म्हणाले नव्हते. शनिवारी दुपारी चार वाजता गाडीच्या दारात उभं राहून त्यांनी अट घातली होती.

"जावईबापू, माझ्या घराला नाक मुरडणाऱ्याच्या घरी मी कसा राहू? तुम्हीच सांगा. उद्या दुपारी बारापर्यंत इथे राहायचं. जेवायचं, झोपायचं, माणसासारखं. 'शी' नाही, 'ई' नाही, नाकाला रुमाल नाही. जमलं तर मी हिवाळाभर येतो. नाही जमलं तर पुन्हा विषय काढायचा नाही. तिनेही नाही आणि तुम्हीही नाही."

"त्यात काय अवघड आहे, आप्पा," असं म्हणून तपासनीस आत शिरला होता आणि नाकाने राजीनामा दिला होता.

"आधी बूट काढा," आप्पा म्हणाले. "मोजेही."

"मोजे कशाला?"

"दमट असतात. इथे टाका." आप्पांनी पलंगाखालचं लाकडी खोकं उघडलं. खोक्याच्या एका बाजूला भोक होतं, दुसऱ्या बाजूला भोक होतं, आणि मध्ये आप्पांचा सगळा पादत्राणसंसार होता. चिखलाने कडक झालेले दोन गमबूट, चामड्याचे बूट, मोज्यांचा एक ढीग जो एकमेकांना सोडायला तयार नव्हता, आणि तळाशी कसलंसं लोकरीचं, करडं, मेलेल्या सशासारखं काहीतरी. तपासनिसाने श्वास रोखून आपले मोजे वरच्या वर ठेवले. मुलीला परक्या गावी दिल्यावर बापाला काय वाटत असेल ते त्याला पहिल्यांदा कळलं.

"आता बघा," म्हणून आप्पांनी बटण दाबलं.

सीटखाली एक लोखंडी डबा होता, पावाच्या डब्याएवढा. तोच हीटर. आधी काहीच झालं नाही. मग खालून पंप टिक्, टिक्, टिक् करू लागला, जणू गाडी जीभ टाळूला लावून नापसंती दाखवत होती. मग पंखा घुरघुरला. खिडकीबाहेर पांढऱ्या धुराचा लोट उठला, आणि आत कच्च्या डिझेलचा असा भपकारा आला की तपासनिसाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"रडू नका," आप्पा म्हणाले. "सुरुवातीला होतं तसं. आता पेटलं. डिझेल आत जळतं, धूर खालच्या पाइपने बाहेर, आणि गरम हवा या नळीने आत. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. चांगल्या जावांसारखं."

"आणि ही नळी कुठे जाते?"

आप्पा याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी अभिमानाने बोट फिरवलं. हीटरपासून निघालेली जाड नळी बुटांच्या खोक्याच्या एका भोकात शिरत होती. दुसऱ्या भोकातून निघून ती पलंगाच्या उशाशी येऊन उघडत होती.

"गरम हवा आधी बूट वाळवते, मग आपल्याला मिळते. एकाच उबेत दोन कामं. इतकी वर्षं झाली हीटर निघून, एकाच्या तरी डोक्यात आलं का हे?"

तपासनीस म्हणाला, "नाही आलं." हे त्याने अगदी मनापासून म्हटलं.

पाच मिनिटांत ऊब आली. ती एकटी आली नाही. तिच्याबरोबर गमबूट आले, मोज्यांचा ढीग आला, ओलं चामडं आलं, आणि या सगळ्यांच्या मागून, पाहुण्यांच्या टोळीत शेवटी येणाऱ्या म्हाताऱ्या नातेवाइकासारखा, आणखी एक वास आला. तो तपासनिसाला ओळखता येईना. जुनं तूप, कापूर, आणि टाच. त्याने पोट आत घेतलं आणि चेहऱ्यावर हसू आणलं. ते हसू त्याच्या तोंडावर बसेना. दुसऱ्याच्या मापाची कवळी घातल्यासारखं दिसत होतं.

"कशी आहे ऊब?"

"भरीव आहे," तपासनीस म्हणाला.

मग चहा झाला. आप्पांकडे दोन नरसाळी होती, लाल आणि निळं. एक हीटरच्या टाकीत डिझेल ओतायला, एक किटलीत चहा ओतायला. कोणतं कशाला हे ठरलेलं होतं, फक्त ते आप्पांना आठवत नव्हतं. चहा पुढ्यात आला तेव्हा त्यावर बारीक इंद्रधनुष्य तरंगत होतं.

"घ्या, घ्या. गार होईल."

पंधरा वर्षांत तपासनिसाने दुसऱ्याच्या घरचा चहा घेतला नव्हता. स्वतःच्या लग्नातसुद्धा त्याने जेवणाआधी मागची भांडी बघून घेतली होती. आता त्याने डोळे मिटले, बायकोचं आतून बंद असलेलं दार डोळ्यांसमोर आणलं, आणि चहा इंद्रधनुष्यासकट गिळला. नंतर तासभर त्याला जो ढेकर येत होता, त्यावर एखादी मोटरसायकल सहज चालली असती.

आप्पा मात्र खुशीत होते. त्यांनी हीटरचं सगळं माहात्म्य सांगितलं. तो एकदम बंद करायचा नाही, बटण बंद केलं तरी तीन-चार मिनिटं स्वतःला थंड करत घुरघुरत राहतो. "माझ्या थोरल्या बहिणीसारखा. भांडण संपलं तरी आवाज येतो." त्यांच्या मते तो नेहमी अगदी मंद ठेवायचा, म्हणजे डिझेल पुरतं. मंद ठेवला की आत काजळी धरते, अधूनमधून मोठा करून ती जाळून टाकावी लागते, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. पण पुस्तिका आप्पांनी पलंगाच्या एका पायाखाली दिली होती, आणि तेवढ्यासाठी पलंग कोण उचलणार?

झोपताना तपासनिसाने खिडकीची काच चार बोटं सरकवली आणि नाक त्या फटीबाहेर काढून तो पडला. थंडीने नाक बधिर झालं. नाक बधिर होणं हे पहिल्यांदाच त्याला वरदान वाटलं. मागच्या दाराशी आप्पा घोरत होते. त्या दाराचं रबर फाटलेलं होतं आणि फटीतून वारा शिट्टी वाजवत आत येत होता.

सकाळी सहाला जाग आली तेव्हा आप्पा कपाळ दाबत बसले होते.

"डोकं जड आहे जरा. थंडीत रोजच असतं. बाहेर जाऊन पाणी घेऊन आलो की उतरतं," म्हणून बादली उचलून ते मैदानातल्या नळाकडे गेले. हीटर टिक् टिक् करत होता. ऊब होती. मोजे होते, टाच होती. सहा तास आणि बरंच काही बाकी होतं.

तपासनिसाच्या आत चौदा तासांचं 'शी' साचलं होतं. ते घशापर्यंत आलं, दातांवर आपटलं, आणि मागे फिरलं. आणि मग त्याच्या हाताने, त्याला न विचारता, खिशातून वही काढली. जे बोलायचं नाही ते लिहायचं, ही त्याची पंधरा वर्षांची सवय. लिहिता लिहिता त्याला इतकं बरं वाटलं की तो गुडघ्यांवर रांगत कोपरे तपासू लागला, खोकं उपसू लागला, जमिनीतल्या भोकात टॉर्च मारू लागला. चौदा मुद्दे झाले. खाली सही केली, तारीख घातली. पांढरी प्रत वहीत राहिली. पिवळी प्रत त्याने फाडली, खिशातल्या चिकटपट्टीने दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, चारही कोपरे नीट दाबून चिकटवली, आणि तोंड धुवायला तळ्यावर गेला.

पिवळी प्रत दर्शनी भागी लावावी, असा नियम आहे. त्याने तो आयुष्यात मोडला नव्हता.

तोंडावर गार पाणी पडलं तेव्हा त्याला आपण काय केलं ते कळलं. तो तोंडाला फेस तसाच ठेवून धावला. आप्पा दारात उभे होते. चष्मा नाकावर होता, बादली हातात होती, आणि ते मोठ्याने वाचत होते.

"मुद्दा एक. गरम हवेचा मार्ग पादत्राणांच्या खोक्यातून नेलेला आढळला. असा प्रकार यापूर्वी पाहण्यात नाही." आप्पांनी मान वर केली. "हे कौतुक आहे की काय?"

"आप्पा, ते मी चुकून..."

"मुद्दा तीन. चहात डिझेल आढळले. मुद्दा चार. डिझेलमध्ये चहा आढळला." ते थांबले. "चहा? टाकीत? तरीच टिक् टिक् अडखळत होतं. मुद्दा पाच. विषारी धुराचा इशारा देणारं यंत्र आढळलं. त्यातली बॅटरी भिंतीवरच्या घड्याळात आढळली. बरोबर आहे. ते यंत्र सारखं केकाटायचं. घड्याळ बिचारं गप्प असतं. मुद्दा सहा..."

आप्पा सहाव्या मुद्द्यावर बराच वेळ थांबले. तपासनिसाला तो मुद्दा शब्दाशब्दाने आठवत होता. लिहिताना तो त्याला विशेष जमला होता.

"मुद्दा सहा," आप्पा हळू वाचू लागले. "खोक्याच्या तळाशी बायकी लोकरी सपातांचा एक जोड. मलमाचा व पायाचा तीव्र दर्प. मालकीण जागेवर आढळली नाही. जोड नष्ट करावा."

मैदानावर एक कावळा ओरडला आणि त्यालाही आपलं चुकलं असं वाटून तो गप्प झाला.

जुनं तूप, कापूर, टाच. सासूबाईंच्या टाचांना भेगा पडायच्या, आणि त्या रोज मलम चोपडून या सपाता घालायच्या. हे तपासनिसाने दहा वर्षं पाहिलं होतं. नाकाने ओळखलं होतं, डोक्याने ओळखलं नव्हतं.

"आप्पा," तो म्हणाला, "मला माहीत नव्हतं."

"तुम्ही जे आढळलं ते लिहिलंत," आप्पा म्हणाले. "आढळली नाही हे खरंच आहे." त्यांनी बादली खाली ठेवली. "अट तुम्ही मोडलीत, हे कळतंय ना? तोंडातून काढलं नाहीत, पण दारावर लावलंत. हे तर त्याहून वाईट. 'शी' हवेत विरून जातं, याला तर चिकटपट्टी आहे. जा तुम्ही. तिला सांगा, बाबा येत नाहीत."

तपासनिसाला घरच्या दाराची कडी दिसू लागली, आतून लावलेली. तो पलंगावरून आपली पिशवी उचलायला वाकला, आणि आप्पा, एकदा सुरू केलेलं काम अर्धं न टाकायची सवय असल्यामुळे, उरलेलं वाचू लागले.

"मुद्दा नऊ. हीटरच्या धुराच्या पाइपाभोवती, जमिनीतल्या भोकाच्या कडेला काळी काजळी आढळली. धूर आत येत असावा. सांधा गळत असण्याची..." त्यांचा आवाज थांबला. "माझा सांधा?"

"खानावळीत धुराड्याभोवती अशी काजळी दिसली की मी चूल तिथेच बंद करतो," तपासनीस म्हणाला. "पाइपातलं मला कळत नाही, आप्पा. काजळी कळते."

"सांधा गळतोय म्हणता? माझा?"

सासूबाईंच्या सपाता नष्ट करायला सांगितल्या, तेव्हाही आप्पांचा चेहरा असा झाला नव्हता. चाळीस वर्षांत लोकांनी त्यांना उशिरा येणारा म्हटलं होतं, तोंडाळ म्हटलं होतं, एका बाईंनी तर दरोडेखोर म्हटलं होतं. सांध्याबद्दल कोणी एक शब्द काढला नव्हता. त्यांनी हीटरचं बटण बंद केलं, तो शेवटचं घुरघुरून गप्प होईपर्यंत एकटक त्याच्याकडे बघत राहिले, आणि ताडपत्रीचा तुकडा घेऊन गाडीखाली शिरले.

"टॉर्च धरा!"

तपासनीस टॉर्च धरून बसला. जिथे बसला तिथे वितळलेल्या बर्फाचं डबकं होतं. बूट भरले, मोजे भरले. खालून बराच वेळ फक्त श्वासाचा आवाज येत होता. मग आप्पांचा हात पुढे गेला. पाइप जिथे हीटरला जोडला होता तिथली लोखंडी पट्टी गंजून केव्हाच तुटून पडली होती, आणि पाइप सांध्यापासून एक बोट लांब, आपला काही संबंध नसल्यासारखा लोंबत होता. धूर थेट वर, भोकातून आत. आप्पांनी सांध्यावरून बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट झालं. त्यांनी ते टॉर्चच्या उजेडात डोळ्यांजवळ धरलं.

"शी!" आप्पा म्हणाले.

ते पूर्ण, दमदार, पोटातून आलेलं 'शी' होतं. तपासनिसाला हेवा वाटला.

"किती दिवस डोकं दुखतंय सकाळी?" त्याने विचारलं.

"महिना झाला."

"आणि बाहेर गेलं की उतरतं."

"हो." आप्पांनी काळं बोट ताडपत्रीवर घासलं. "मागच्या दाराची फट नसती तर..."

"मी मुद्दा अकरामध्ये ती फट तातडीने बुजवा असं लिहिलंय," तपासनीस म्हणाला.

"वाचलं. मी उद्या बुजवणारच होतो. रबर आणून ठेवलंय." आप्पा ताडपत्रीवरून सरपटत बाहेर आले. "अकरा आधी झाला असता तर नऊ वाचायला कोणी उरलं नसतं, जावईबापू. पुढच्या वेळी मुद्दे क्रमाने लिहीत जा."

ते डबक्याच्या कडेला बसून बोट पुसत राहिले. बोटाचा रंग जात नव्हता.

"दोन हिवाळे मी खाली वाकून बघितलं नाही," ते म्हणाले. "आपल्या घरात काय गळतं ते आपल्याला दिसत नाही. दिव्याखाली अंधार. दुसऱ्याने सांगावं लागतं. तुमची सासू सांगायची. उठता बसता सांगायची. जीव नकोसा करायची." त्यांनी नाक ओढलं. "अख्खा पाइपच कुजलाय. इथे होणार नाही ते काम. ते होईपर्यंत तुमच्याकडे येतो. हिवाळाभर म्हणत नाही मी. काम होईपर्यंत."

"किती वेळ लागेल कामाला?"

"मी काम वेळेवर कधी संपवलंय?" आप्पा म्हणाले.

अकरा वाजता गाडी निघाली. आप्पा चालवत होते, तपासनीस शेजारी होता. हीटर बंद होता, मुद्दा नऊप्रमाणे. गाडीचा स्वतःचा पंखा कधीच मेलेला होता, तो तेराव्या मुद्द्यात होता. काचेला आतून दव धरत होतं. बुटांचं खोकं मोडून मागे टाकलं होतं, आणि त्यातला एकच जोड आप्पांनी मागे टाकायला नकार दिला होता. तो तपासनिसाच्या मांडीवर होता.

पहिला अर्धा तास तो जोड त्याने पोलिसाने पुरावा धरावा तसा दोन बोटांनी धरला. ओले बूट काढून टाकले होते. अनवाणी पाय पत्र्यावर होते, आणि पत्रा बर्फासारखा होता. आधी बोटं दुखली. मग दुखायची थांबली, हे जास्त वाईट. त्याने पाय एकमेकांवर घासले, मांडीखाली घेतले, पेपरमध्ये गुंडाळले. आप्पा रस्त्याकडे बघत होते. ते एका शब्दानेही काही सुचवत नव्हते.

तपासनिसाने मांडीवरच्या सपातांकडे पाहिलं. आतून त्या तेलकट काळ्या झाल्या होत्या. टाचेच्या जागी टाचेचा साचा पडला होता, मलम वाळून त्याची पापुद्र्यासारखी खपली धरली होती. दोन हिवाळे त्यांच्यावरून डिझेलची ऊब गेली होती. पंधरा वर्षांत त्याने हात न लावता सील केलेल्या वस्तूंमध्ये या सपातांचा पहिला नंबर लागला असता.

त्याने डावा पाय आत सरकवला. आत काहीतरी कुरकुरलं. मग उजवा. सपाता त्याला दोन बोटं आखूड होत्या, टाचा बाहेर राहिल्या.

त्याच्या सगळ्या अंगावर काटा आला, तो मानेपर्यंत गेला आणि परत खाली आला. आणि मग, अत्यंत किळसवाण्या रीतीने, पायांना ऊब लागू लागली.

आप्पांनी तिरक्या नजरेने खाली पाहिलं. पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. घसा खाकरला, आणि खोकला नसतानाही जरा वेळ खोकले. मग भिंतीवरून काढून समोर ठेवलेल्या घड्याळाकडे त्यांनी बोट दाखवलं.

"बारा वाजून दहा मिनिटं झाली. आता म्हणा."

"काय?"

"जे काल चारपासून गिळताय ते. मनात ठेवू नका, आजारी पडाल."

तपासनिसाने दीर्घ श्वास घेतला, तोही नाकाने.

"शीऽऽऽ!" तो म्हणाला. काच थरथरली.

आप्पांनी समाधानाने मान डोलावली. "अगदी असंच म्हणायची," ते म्हणाले. "रोज. घालताना. तिचं तिलाच सहन व्हायचं नाही."

पुढच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तपासनिसाने वही काढली. सहाव्या मुद्द्यातलं 'नष्ट करावा' खोडलं, आणि वर बारीक अक्षरात 'वापरात' असं लिहिलं. सही केली. मग नियमाप्रमाणे पिवळ्या प्रतीवरही तीच दुरुस्ती करायला तो मागे वळला, कारण ती अजून दारावरच होती, चारही कोपरे नीट दाबून, आणि आप्पांनी ती काढायला साफ नकार दिला होता.